प्लॅन वाढवण्याआधी राऊटर कुठे ठेवलाय ते बघा



मागच्या व्हिडिओत आपण घरून चालणाऱ्या धंद्याचा महिन्याचा खर्च कागदावर मांडला होता. त्यात इंटरनेटच्या ओळीवर मी जेमतेम अर्धा मिनिट थांबलो, आणि सगळ्यात जास्त प्रश्न आले ते नेमके त्याच ओळीवर. "सर, २०० चा प्लॅन घेतलाय तरी मीटिंग अडकते." "बेडरूममध्ये रेंजच येत नाही." "मोठ्या अँटेनाचा राऊटर घेऊ का?" हे सगळं व्हिडिओत सांगायला बसलो तर तास जाईल. म्हणून लिहूनच काढतो. चहा घेऊन बसा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यानंतर दुकानात एक ताई आल्या. आरी वर्क आणि ब्लाऊज कटिंगचे ऑनलाईन क्लास घेतात. बॅचला १४ जणी, प्रत्येकीची फी १५०० रुपये. म्हणजे एका बॅचचे २१ हजार. तेवढे पैसे मशीनवर बसून मिळवायचे तर किती ब्लाऊज शिवावे लागतील ते तुम्हीच काढा. तक्रार अशी होती की सुईचा टाका जवळून दाखवायला घेतला की नेमकं तेव्हाच चित्र थिजतं, आवाज तुटतो, आणि पलीकडून चौदा जणी "मॅडम, दिसत नाही" म्हणायला लागतात. केबलवाल्याच्या सांगण्यावरून त्यांनी प्लॅन ५० एमबीपीएसवरून २०० चा करून घेतला होता. फरक शून्य. "दादा, चार अँटेनाचा चांगला राऊटर द्या," म्हणाल्या.

शनिवार होता, दुकानात गर्दी होती. मी एकही प्रश्न विचारला नाही. ३२०० चा राऊटर काढला, बिल केलं, पैसे गल्ल्यात टाकले.

दहा-बारा दिवसांनी ताई परत आल्या. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाल्या, "दादा, दोघींनी फी परत मागितली, दिली मी. आता पुढची बॅच नाही घेत." आणि मुलासाठी एक पेनड्राईव्ह घेऊन निघून गेल्या. राऊटरबद्दल अवाक्षर नाही.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर लॅपटॉप आणि १५ मीटर लॅन केबल घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. तिथे जे बघितलं तेच आज सांगणार आहे, कारण थोड्याफार फरकाने तेच सगळ्यांच्या घरात असतं.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे

हे एक वाक्य डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. आपण बोलताना "वाय-फाय गेलं" म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून टाकतो.

नळाचं उदाहरण घ्या. नगरपालिकेची लाईन तुमच्या घराच्या दारापर्यंत येते. तिथून पुढे टाकीतून बाथरूमपर्यंत पाईप तुमचा. बाहेरची लाईन दोन इंची असली आणि आत तुम्ही अर्ध्या इंचाचा, त्यातही गंजलेला पाईप टाकला असेल, तर शॉवरला धार येणार नाही. मग नगरपालिकेला शिव्या देऊन किंवा पाणीपट्टी जास्त भरून काय होणार? फायबरची वायर आणि तुम्ही भरता तो प्लॅन ही बाहेरची लाईन. राऊटरपासून तुमच्या लॅपटॉपपर्यंत हवेतून जाणारा रेडिओ म्हणजे वाय-फाय, तो घरातला पाईप. वाय-फायचं पूर्ण चिन्ह दिसतंय आणि इंटरनेट बंद आहे, असंही होतं. इंटरनेट झकास आहे आणि वाय-फाय रडतंय, असं तर रोज होतं.

घरात भिंतीवर जो फायबरचा पांढरा किंवा काळा डबा लावून जातात, त्यात बहुतेक वेळा तीन कामं एकत्र असतात. फायबरच्या प्रकाशातून सिग्नल काढणं हे एक. घरातल्या प्रत्येक फोन-लॅपटॉपला आतला पत्ता देऊन सगळ्यांना एकाच कनेक्शनवर बसवणं हे दुसरं, यालाच राऊटर म्हणायचं. आणि वाय-फायचा रेडिओ हे तिसरं. तिन्ही एका डब्यात असल्यामुळे आपल्याला वाटतं ते एकच आहे. बिघाड शोधताना मात्र ती वेगळी करावी लागतात.

तीन वेळा मोजा

बीबीएला असताना ऑपरेशन्सच्या सरांनी एक गोष्ट घोकून घेतली होती. कारखान्यात माल तुंबतोय ती जागा सापडेपर्यंत एक रुपयाही खर्च करायचा नाही. पदवीचा मला दुकानात थेट उपयोग झालेल्या दोन-तीन गोष्टी असतील, त्यातली ही एक. आणि शनिवारी गर्दीत मी तीच विसरलो.

तर करायचं असं. लॅपटॉपला लॅन केबल लावून ती थेट राऊटरच्या मागच्या जागेत खोचा, वाय-फाय बंद करा, आणि स्पीड टेस्ट घ्या. हा पहिला आकडा. मग केबल काढा, वाय-फाय चालू करा आणि राऊटरपासून सहा-सात फुटांवर उभं राहून पुन्हा टेस्ट. हा दुसरा. मग जिथे तुम्ही रोज काम करता त्या खोलीत, त्याच खुर्चीवर बसून तिसरा. तिन्ही आकडे कागदावर लिहा. डाऊनलोडबरोबर अपलोडही लिहा, कारण क्लास घेणाऱ्याचा व्हिडिओ घरातून बाहेर जात असतो आणि तो अपलोडवर चालतो.

पहिलाच आकडा प्लॅनपेक्षा फार कमी असेल तर फोन उचला आणि कंपनीला बोला. तिथे तुमचा राग योग्य जागी आहे. पहिला चांगला आणि तिसरा वाईट असेल तर कंपनीला बोलून उपयोग नाही, गडबड तुमच्या छपराखाली आहे.

ताईंच्या घरी काय आलं? केबलवर १९० च्या आसपास. राऊटरजवळ वाय-फायवर ४०. क्लासच्या खोलीत ३, मग ७, मग १, मग परत ४.

अजून एक छोटी तपासणी आहे, ती स्पीड टेस्टपेक्षा मला जास्त आवडते. विंडोजमध्ये स्टार्टवर जाऊन सीएमडी टाईप करा, काळी खिडकी उघडेल. त्यात पिंग ही कमांड, एक स्पेस आणि पुढे राऊटरचा पत्ता टाका. पत्ता बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, काही डब्यांच्या मागे चिकटवलेल्या स्टिकरवर लिहिलेला असतो. (कमांड आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाका.) इथे इंटरनेटचा संबंधच नाही, लॅपटॉप फक्त घरातल्या राऊटरला "आहेस का रे?" विचारतो. उत्तर दोन-पाच मिलिसेकंदात यावं. ताईंच्या खोलीत कधी ४ येत होते, कधी २८०, आणि मधेच "रिक्वेस्ट टाइम्ड आऊट". घरातल्या घरात हाक पोचत नव्हती. मग प्लॅन ५०० चा केला असता तरी काय होणार होतं?

आणि एक हिशेब सांगून ठेवतो. व्हिडिओ कॉलला चांगल्या क्वालिटीतही ३-४ एमबीपीएस पुरतात, पण ते सलग मिळावे लागतात. एक सेकंद ४० आणि पुढचे दोन सेकंद शून्य, याला कॉल चालत नाही. शिवाय एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि फाईल मोजतो ते मेगाबाईट. आठ बिटांचा एक बाईट. म्हणून १०० च्या प्लॅनवर फाईल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीने उतरते. "शंभरचा प्लॅन आणि बाराने डाऊनलोड, फसवलं!" असं म्हणत येणारे महिन्याला दोन तरी भेटतात. नाही हो, कोणी फसवलेलं नाही.

ढोल आणि ताशा

आता वाय-फाय भिंतीला का घाबरतं ते बघू. घरगुती वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ.

गणपतीची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा काय ऐकू येतं? ढोल. ताशाची तडतड मिरवणूक जवळ आल्यावरच ऐकू येते. जाड, खालच्या सुरातला आवाज भिंती पार करून येतो. रेडिओलहरींचंही साधारण तसंच. २.४ हा ढोल, लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी निघतो, पण त्यावर वेग कमी. ५ हा ताशा, वेग भरपूर, पण दोन भिंती आल्या की दमला.

मग २.४ च का वापरत नाही? कारण तिथे गर्दी आहे. भारतात २.४ चा हा पट्टा २००५ साली लायसन्समुक्त झाला, म्हणजे ठरलेल्या ताकदीच्या आत कोणीही वापरावा. त्यामुळे शेजाऱ्यांचे सगळे राऊटर, ब्लूटूथ, वायरलेस माऊस सगळे तिथेच. मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच अन्न गरम करतो. ओव्हन लावला की स्वयंपाकघराजवळचं नेट अडखळतं, ही अंधश्रद्धा नाही. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एका अपार्टमेंटमध्ये वीस राऊटर असतील तर तीन जागांवर वीस जण बसणार.

वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. ग्रामसभेत एकच माईक असतो तसं. त्यातही जो हळू बोलतो तो माईक जास्त वेळ धरून ठेवतो. घरातला दहा वर्षांपूर्वीचा फोन लांबच्या खोलीत बसून रडतखडत व्हिडिओ बघत असेल तर तो तुमच्या नव्या लॅपटॉपचाही वेळ खातो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सगळा दोष नव्या लॅपटॉपवर जातो आणि तो माझ्याकडे फॉरमॅट करायला येतो.

तुमचा लॅपटॉप सध्या कुठल्या पट्ट्यावर आहे ते बघता येतं. विंडोज १० किंवा ११ च्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, मग जोडलेल्या नेटवर्कचं प्रॉपर्टीज. खाली नेटवर्क बँड आणि लिंक स्पीड लिहिलेलं असतं. लिंक स्पीड ७२ दिसला तर समजा तुम्ही २.४ वर आहात, प्रत्यक्षात हातात त्याच्या अर्ध्याच्या आसपास पडणार. ४३३ किंवा ८६६ असे आकडे दिसले तर ५ वर आहात.

ताईंच्या लॅपटॉपवर मी हे उघडलं आणि डोक्याला हात लावला. लिंक स्पीड बघायच्या आधी नेटवर्कचं नावच दिसलं. लॅपटॉप अजून कंपनीच्या जुन्या डब्याच्या वाय-फायलाच जोडलेला! माझा ३२०० चा राऊटर त्या डब्याच्या शेजारी दिवे लावून बसला होता आणि त्यावर घरातला एकच जण होता, त्यांचा मुलगा, गेम खेळायला. नवा राऊटर लावला की त्याचं वाय-फाय नवीन नावाने सुरू होतं, आणि लॅपटॉप मात्र ओळखीच्या जुन्या नावाकडेच जातो. हे सांगायचं काम विकणाऱ्याचं. मी सांगितलं नव्हतं.

मग लॅपटॉप नव्या राऊटरवर घेतला. पुढच्या खोलीत एकदम १८०. मागच्या क्लासच्या खोलीत गेलो, ५ ची एक काडी, तीही जातेय-येतेय. म्हणजे नुसतं नाव बदलूनही भागणार नव्हतं. कारण भिंत.

भिंती, कपाटं आणि देव्हारा

घर म्हणजे पुढे जुना वाडा, दीड-दोन फुटांची दगडमातीची भिंत, आणि मागे नंतर काढलेल्या दोन आरसीसी खोल्या. वाड्यांमध्ये राहणाऱ्यांनी हे गृहीतच धरा, त्या भिंतीतून ५ चा पट्टा जवळपास जात नाही. आरसीसीच्या स्लॅबमधल्या सळयाही त्रासच देतात, म्हणून वरच्या मजल्याची तक्रार कायम असते. साध्या अर्ध्या विटेच्या भिंतीतून किंवा प्लायवूडच्या पार्टिशनमधून बऱ्यापैकी जातं.

धातू सिग्नल अडवतो, पाणी तो पिऊन टाकतं. त्यामुळे लोखंडी कपाट, फ्रीज, फिश टँक, पाण्याची टाकी, मोठा आरसा (आरशाच्या मागे धातूचा लेप असतो) यांच्या मागे राऊटर ठेवू नका. ताईंकडे डबा टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात होता, पुढे टीव्ही, बाजूला कपाट. "दिसायला बरं दिसत नाही ना, म्हणून आत ठेवला." घराघरात हेच कारण. एका घरी तर राऊटर देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये होता, वर पितळेच्या मूर्ती. मी काही बोललो नाही, फक्त ड्रॉवर उघडा ठेवा म्हटलं.

जागा कुठली चांगली? घराच्या मध्याच्या जवळ, डोक्याच्या उंचीवर किंवा थोडं वर, मोकळ्या हवेत. पॅसेजची भिंत उत्तम. माळ्यावर सामानामागे नाही. अँटेना असतील तर उभ्या ठेवा. अँटेनाच्या टोकातून सिग्नल जवळजवळ निघत नाही, तो दांड्याच्या भोवती आडवा पसरतो. फायबरची वायर मध्यापर्यंत न्यायला केबलवाला कुरकुर करतो, दोनशे-तीनशे जास्त मागतो. द्या त्याला. नवीन कनेक्शन घेताना तो दारातून आत आला की पहिल्या प्लगजवळ डबा ठोकून मोकळा होतो, तेव्हाच त्याला थांबवा.

डेस्कटॉपवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. असेंबल केलेल्या बऱ्याच पीसींना वाय-फाय नसतं, मग आपण यूएसबीचा छोटा डोंगल घेतो आणि कॅबिनेटच्या मागे खोचतो. तो आता टेबलाखाली, भिंतीला लागून, लोखंडी डब्याच्या मागे. वर शेजारच्या निळ्या यूएसबी ३ च्या जागेत हार्डडिस्क. यूएसबी ३ च्या कामाचा गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात पडतो. शंभर-सव्वाशेची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर वर आणून ठेवा. नवीन डोंगल घ्यायच्या आधी हे करून बघा, बरेचदा तेवढ्यानेच काम होतं.

सगळ्यात चांगलं वाय-फाय म्हणजे वायर

हसू नका. जे जागचं हलत नाही त्याला वायर लावा. डेस्कटॉप, टीव्ही, बिलिंगचा पीसी, क्लासचा लॅपटॉप. वायरवर माईकसाठी रांग नाही, भिंत नाही, शेजारी नाही. शिवाय ही मंडळी वायरवर गेली की हवेत उरलेल्या फोनांना मोकळी जागा मिळते.

साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १००० एमबीपीएस नेते. फक्त जॅक मारताना आठही तारा मारून घ्या. काही जण चारच तारा मारतात, नेट चालतं, पण १०० च्या वर कधीच जात नाही, आणि गिऱ्हाईक दोनशेचे पैसे भरत राहतं. काही स्वस्त डब्यांच्या मागच्या जागाच १०० च्या असतात, तेही विचारून घ्या.

ताईंकडे मी तेच केलं. पुढच्या खोलीतून चौकटीच्या वरून, भिंतीला क्लिपा मारत १५ मीटर केबल मागे नेली. केबल, जॅक, क्लिपा मिळून ४५० रुपये. पिंग एक मिलिसेकंद, हलतच नाही. कंपनीचा डबा टीव्ही युनिटमधून काढून पॅसेजमध्ये वर लावला, घरातल्या फोनांना तो पुरला. माझा राऊटर मी परत घेतला, पूर्ण ३२०० दिले, आणि तो उघडलेला माल म्हणून पुढे २५०० ला विकला. सातशेचा फटका, आणि तो मलाच बसायला हवा होता. पुढच्या रिचार्जला ताईंनी प्लॅनही परत ५० वर आणला. डिसेंबरची बॅच त्यांनी घेतली. अकराच जणी आल्या, पण घेतली.

घर मोठं असेल तर एक राऊटर खरंच पुरत नाही. मग लोक रिपीटर घेतात, जो प्लगमध्ये लावला की सिग्नल पुढे ढकलतो. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर परत सांगतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. आणि लोक तो लावतात कुठे? जिथे रेंज नाही तिथे! अहो, त्याला स्वतःलाच ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी लावा. त्यापेक्षा बरं म्हणजे पुढून मागे एक केबल न्यायची आणि तिथे जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये लावायचा. हा मोड महत्त्वाचा. तो न लावता राऊटरमागे राऊटर जोडला की घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि मग "प्रिंटर सापडत नाही" सुरू होतं. प्रिंटरवरून आठवलं, बरेच स्वस्त वाय-फाय प्रिंटर आणि कॅमेरे फक्त २.४ वर चालतात. त्यांना ५ चं नाव दिसतच नाही. प्रिंटर बिघडलेला नसतो.

पासवर्ड, आणि माझी उधारीची यादी

सुरुवातीच्या काळात मी दुकानात वाय-फायचा पासवर्ड चक्क बोर्डावर लिहून ठेवला होता. गिऱ्हाईक बसेल, नेट वापरेल, दोन गोष्टी जास्त घेईल, अशी कल्पना. एक कॉलेजचा मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता. थोड्या वेळाने हसत म्हणाला, "सर, यांचे साडेआठ हजार अजून यायचेत का?" आणि गावातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या माणसाचं नाव घेतलं. बिलिंगचा पीसी त्याच नेटवर्कवर, फोल्डर शेअर केलेला, आत उधारीची फाईल. मुलगा भला, म्हणून सांगितलं तरी.

तेव्हापासून दुकानात गेस्ट नेटवर्क वेगळं. हल्लीच्या बहुतेक राऊटरमध्ये ती सोय असते. त्यावरच्या माणसाला इंटरनेट मिळतं, तुमचा पीसी आणि प्रिंटर दिसत नाही. घरीसुद्धा करा, पाहुण्यांना आणि मुलांच्या मित्रांना तेच द्या.

पासवर्ड दोन असतात हे लक्षात ठेवा. एक वाय-फायला जोडायचा, दुसरा राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. दुसरा बहुतेकांनी कधी बदललेलाच नसतो, ॲडमिन-ॲडमिन. कोणी एकदा वाय-फायवर आला की तो त्या दारानेच आत शिरतो. दोन्ही बदला. सुरक्षेचा प्रकार निवडताना डब्ल्यूपीए२ किंवा मिळत असेल तर डब्ल्यूपीए३ ठेवा. डब्ल्यूईपी हा प्रकार २००१ मध्येच फोडला गेलाय, जुन्या राऊटरवर अजून दिसला तर बदला. डब्ल्यूपीएसचं बटण वापरत नसाल तर तेही बंद करा. आणि पासवर्ड मोबाईल नंबर नको. तुमचा नंबर दुकानाच्या पाटीवरच असतो ना!

"कोणी माझं नेट वापरून काय करणार, सिनेमा बघेल," असं म्हणणाऱ्यांसाठी एक खरी घटना. जुलै २००८ मध्ये अहमदाबादला साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना जो धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरच्या वाय-फायवरून पाठवलेला निघाला. त्यांचा त्यात हात नव्हता, पण माग त्यांच्या दारापर्यंत आला आणि चौकशीला तोंड त्यांना द्यावं लागलं. कनेक्शन ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याच्याकडेच येणार.

राहिली वीज. लाईट गेली की फायबर सहसा जात नाही, तुमचा डबा बंद पडतो. राऊटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो, दोन-तीन तास निघतात. घेताना तुमच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून घ्या. ९ व्होल्टच्या डब्याला १२ चा लावून जाळलेले दोन डबे माझ्याकडे शोकेसमध्ये आहेत.

आता दुकानात कोणी राऊटर मागितला की मी आधी जुन्या बिलाची मागची बाजू पुढे सरकवतो आणि घराचा नकाशा काढायला सांगतो. डबा कुठे, काम कुठे करता, मधे भिंती किती आणि कशाच्या. गेल्या महिन्यात त्याच ताई त्यांच्या बहिणीसाठी आल्या, नकाशा घरूनच वहीच्या पानावर काढून आणला होता, भिंतींची जाडी टेपने मोजून. दोन मजली घर, मधे स्लॅब. त्यांना दुसरा राऊटर खरंच लागणार होता. विकला. केबल मात्र आठही तारांची का, हे या वेळी त्यांनीच मला विचारून घेतलं.

जॅक कसा मारायचा आणि जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट कसा करायचा, हे रविवारच्या व्हिडिओत हाताने करून दाखवतो. तोवर ते तीन आकडे काढून ठेवा.